भोंगा थांबल्यावरची गाणी
(मंडळाच्या मासिक व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वक्ते नव्हेत. बँकेत कारकून आहोत. हल्ली आमच्या पदाला इंग्रजीत लांबलचक नाव मिळाले आहे, परंतु पैसे मोजणे, पासबुके छापून देणे आणि लोकांची बोलणी खाणे हे काम पूर्वीचेच आहे. कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालो, एवढाच काय तो आमचा साहित्याशी संबंध. तरीही कार्यवाहांनी गळ घातली, कारण त्यांना आमच्या वडिलांची गाणी ठाऊक आहेत. गेल्या वर्षभरात आपल्याच वसाहतीत पाच-सहा घरांतील कर्त्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. कोणाची वीस वर्षांची, कोणाची पंचवीस. त्यांच्यापुढे काही बोला, असे कार्यवाह म्हणाले आणि विषयही त्यांनीच दिला : ‘नोकरी गेली तरी अंगची कला मोकळी होते.’

हा विषय ऐकून आम्ही अडखळलो. नोकरी गेलेल्या माणसाला ‘आता वेळच वेळ आहे, एखादा छंद जोपासा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगणाऱ्याचा पगार बहुधा महिनाअखेरीला बिनचूक जमा होत असतो. आम्हीही एकदा काउंटरवर एका ओळखीच्या गृहस्थांना असेच काही बोलून गेलो. त्यांनी आमच्याकडे पाहिले, पासबुक उचलले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. तेव्हापासून हे वाक्य आम्ही तोंडातून काढलेले नाही.

आपल्याकडे अशा वेळी बाबासाहेबांचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यानंतरच्या वर्षांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. हे सारे खरे आहे. परंतु बाबासाहेबांनी पद सोडले ते तत्त्वासाठी, आपण होऊन. ज्याचे नाव सकाळी गेटवरच्या यादीतून गळालेले असते, त्याची गोष्ट निराळी. दोन्ही एका तागडीत घालू नयेत, असे आम्हाला वाटते. म्हणून आम्ही आमच्या माहितीतल्या माणसाबद्दलच बोलणार आहोत. तो माणूस म्हणजे आमचे वडील. आम्ही भावंडे त्यांना दादा म्हणत असू.

दादा १९६० साली परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. चार-पाच वर्षे बदलीवर काढल्यानंतर कायम झाले. खाते रिंगचे. आपल्या समाजातील बहुतेक माणसे रिंगमध्येच का असत, हे तरुणांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. विणकामाच्या खात्यात पगार जास्त होता. पण तिथे धोट्यात नवी कांडी भरली की दोरा तोंडाने ओढून काढावा लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागायची, आणि म्हणून आपल्या माणसाला त्या खात्याच्या दारातही उभे करीत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला होता. दादांच्या काळापर्यंत नियम म्हणून असे काही उरले नव्हते, परंतु ज्या खात्यात बाप त्याच खात्यात मुलगा अशी वहिवाट होती. आमचे आजोबाही रिंगमध्येच होते.

रिंगचे काम म्हणजे आपल्या वाट्याच्या साइडवर सतत येरझाऱ्या घालणे आणि तुटलेला धागा सांधणे. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, वर कापसाची बारीक भुकटी, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलायचे. दादांना गाण्याचे वेड. आमच्या बीडीडी चाळीत एक गायन पार्टी होती, तीत ते कोरसला बसत. कधीकधी ढोलकी धरीत. वामनदादा कर्डकांना त्यांनी नायगावच्या मैदानात अगदी पुढे बसून ऐकले होते. आपणही गाणे रचावे असे तेव्हापासून मनात होते. मशीनच्या तालावर ओळी सुचतही. पण एक ओळ सुचली की पलीकडे धागा तुटलेला असे. तो सांधून येईपर्यंत ओळ गेलेली. पाळी सुटल्यावर अंगात लिहिण्याचे त्राण नसे. बावीस वर्षांच्या नोकरीत एकही गाणे पुरे झाले नाही, असे ते स्वतः सांगत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. मुंबईतल्या साठाच्या वर गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केलेच नाही. पुढे काही गिरण्या चालू झाल्या, काही अर्ध्यामुर्ध्या चालल्या. दादांच्या गिरणीने निवडून निवडून माणसे घेतली. त्या यादीत दादांचे नाव नव्हते. आम्ही तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचे होतो, त्यामुळे त्या दिवसांचे आम्ही सांगतो ते थोरल्या बहिणीच्या तोंडून ऐकलेले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. दादांना वेळ मिळाला, मुबलक मिळाला. चार वर्षे मिळाला. आणि त्या चार वर्षांत त्यांनी एक ओळ लिहिली नाही.

बहीण सांगते, शेजारच्या गिरणीचा भोंगा झाला की ते उठत. दाढी करीत. डब्यात दोन भाकऱ्या आणि काही असेल ते कोरड्यास घेऊन सातच्या पाळीला निघत. गेटसमोर उभे राहत. आणखी पंधरा-वीस जण तसेच उभे असत. मग कोणत्या तरी बागेत बसून डबा खात आणि साडेतीननंतर, पाळी सुटल्याच्या वेळेला, घरी येत. आई काही बोलत नसे. चाळीत सगळ्यांना ठाऊक होते, कारण बऱ्याच घरांत तेच चालले होते. गायन पार्टीत जाणेही त्यांनी बंद केले. ढोलकी वाजवायला हात वळत नाही, म्हणत. आम्ही पुढे मोठे झाल्यावर त्यांना एकदा विचारले की तेव्हा तर सगळा दिवस तुमचा होता, तेव्हा का नाही लिहिले? ते म्हणाले, “हात रिकामा होता रे, डोकं कुठं रिकामं होतं?”

मित्रहो, डोके रिकामे नसते कारण माणूस नोकरीवरून गेलेला असला तरी नोकरी माणसातून गेलेली नसते. आज बोलावतील, उद्या बोलावतील. त्या आशेवर तो आपला एकेक दिवस बांधून ठेवतो. ती आशा सोडा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. ज्याच्या घरी चूल आहे त्याला आशा सोडून चालत नाही.

या चार वर्षांत घर चालवले ते आईने. दादरला हिंदू कॉलनीत ती चार घरची धुणीभांडी करी. चारही घरांचे मिळून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास येत. गिरणगावातल्या अनेक घरांत तेव्हा हेच होते. संपापूर्वी खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. आम्ही बँकवाले असल्यामुळे या गोष्टीचे आम्हाला विशेष अप्रूप आहे. संप लांबला तसे खाणावळीत जेवणारे कामगार गावी निघून गेले, आणि कित्येकींची उधारी बुडाली. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे पानोपानी सापडतात, पण बुडालेल्या उधारीच्या त्या वह्या कोणी जपून ठेवल्या असतील असे वाटत नाही.

१९८६ च्या सुमारास दादांना एका इमारतीवर रात्रीच्या वॉचमनचे काम लागले. पगार थोडा होता, आणि ते काम त्यांना कमीपणाचे वाटे. त्याच दिवसांत ते आपल्या हिशेबाच्या चौकशीसाठी एका कार्यालयात खेटे घालीत होते. बावीस वर्षांच्या पगाराच्या पावत्या त्यांनी सुतळीने बांधून जपून ठेवल्या होत्या. सेवा किती झाली याचा तोच पुरावा, अशी त्यांची समजूत. शेवटी तिथल्या बाबूने सांगितले की या पावत्यांची गरज नाही, आणि परत घेण्याचे तर नावच काढू नका. दादा ते बोचके घेऊन तसेच रात्रपाळीला गेले.

त्या रात्री त्यांनी पहिले गाणे लिहिले. पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर.

हे ऐकून कोणाला वाटेल की चमत्कार झाला. तसे काही नाही. दादांनी त्याची कारणे दोन सांगितली. एक, त्या पावत्या आता कशाच्याच कामाच्या नव्हत्या, म्हणून कागद मिळाला. दुसरे, रात्री दोननंतर त्या इमारतीत असा शुकशुकाट असे की त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. वयाच्या विशीपासून मशीनच्या घरघराटात काढलेला माणूस, त्याला शांतता म्हणजे काय हे सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. पावती पट्टीसारखी अरुंद, म्हणून दादांच्या गाण्यांतल्या ओळी आखूड आहेत. एका जाणकाराने आम्हाला विचारले होते की ही आखूड ओळ त्यांनी कोणत्या शाहिराकडून उचलली? आम्ही म्हटले, गिरणीच्या पगार खात्याकडून.

पहिली दहा-बारा गाणी गायन पार्टीत म्हणता येतील अशीच होती. जयंतीची, दीक्षाभूमीची. बुवांना आवडली. पार्टीत दादांचा मान वाढला, कोरसातून ते पुढे आले. मग त्यांनी निराळे लिहायला घेतले. गेटवर उभे राहणाऱ्यांचे, बागेत डबा खाणाऱ्यांचे. गावी गेलेल्या आणि तिथे शेत नसल्याने पुन्हा मुंबईला आलेल्या माणसाचे. यात रडगाणे नव्हते, थट्टाही पुष्कळ होती. जॉबरची नक्कल तर अशी की ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळे. बुवा म्हणाले, “हे जयंतीला चालायचं नाही. लोक सुपारी देतात ती आनंदासाठी देतात.” बुवांचेही चूक नव्हते, त्यांना पार्टी चालवायची होती. दादांनी त्यांच्याशी भांडण केले नाही. जयंतीला पार्टीबरोबर जात आणि आपली गाणी चाळीच्या जिन्यात बसून म्हणत. ऐकायला दहा माणसे असत, कधी तीन. सुपारी नाही त्यामुळे कोणाची मर्जी राखणे नाही. बावीस वर्षे मुकादम आणि जॉबर सांभाळलेल्या माणसाला हे नवीनच होते. जिन्यात गायला बसले की दादांची मान ताठ होई, आवाज मोकळा सुटे. कार्यवाहांच्या विषयात जो ‘मोकळी होते’ हा शब्द आहे, तो आम्ही इथपर्यंत मान्य करतो.

परंतु पुढचे सांगितले नाही तर आमचे बोलणे अपुरे राहील.

१९८८ च्या बुद्धपौर्णिमेला चाळीत कार्यक्रम होता. दादांनी त्या दिवशी एक नवे गाणे म्हटले. ते आईवर होते. नाव घेतले नव्हते, पण भांडी घासून हाताच्या रेषा गेल्या, लोकांच्या घरची घासते आणि आपल्या घरची आली की थकते, असे त्यात होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही नऊ वर्षांचे, अभिमानाने आईकडे पाहिले. आई उठून खोलीत निघून गेली होती.

रात्री जेवणे झाल्यावर ती एवढेच म्हणाली, “गाणं माझ्यावर केलंत, पण मला विचारलं नाहीत. मी कुठं कामाला जाते ते सगळ्या चाळीला ठाऊक आहे. पण ते माइकवरून सांगायचं कोणी?”

दादांना यावर उत्तर देता आले नाही. आज विचार करतो तेव्हा वाटते, ते गाणे लिहायला दादांना जी मोकळीक मिळाली होती, तिचे पैसे आई चार घरांत भरीत होती. आणि त्या गाण्याचा विषयही तीच. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदारही तीच आणि तारणही तीच, सही मात्र दुसऱ्याची. कला करणाऱ्याने मोकळे असावे, हे कबूल. पण मोकळा झालेला माणूस कोणाच्या खर्चाने मोकळा आहे, हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे, आणि घरात विचारले पाहिजे. दादांनी ते गाणे पुन्हा कधीही म्हटले नाही. पावती मात्र फाडली नाही.

वर्षभर त्यांनी घरातले काही लिहिले नाही. मग एके दिवशी आई कामावरून आली आणि एका घरातली गंमत सांगू लागली. त्या बाई तिला चहा देत, पण कप निराळा. आईने एक दिवस स्वतःचा कप घरून नेला आणि म्हणाली, आता तुमचा कप बाटायची भीती नाही, भरून द्या. दादा हसता हसता थांबले आणि त्यांनी विचारले, “हे लिहू का?” आई म्हणाली, “लिहा, पण मी सांगते तसं.” त्या रात्री दादांची पाळी नव्हती. आई सांगत होती, दादा लिहीत होते. एखादा शब्द तिला पटला नाही की ती “असं कोण बोलतं?” म्हणून अडवी. ते कपाचे गाणे दादांचे सर्वांत गाजलेले गाणे. आपल्यापैकी ज्यांनी ते जिन्यात बसून ऐकले आहे, त्यांना माहीत असावे म्हणून सांगतो की त्यातले अर्ध्याहून अधिक शब्द आईचे आहेत. तिला लिहिता येत नाही, म्हणून नाव दादांचे राहिले.

चाळीत आणखीही काही जण होते. पलीकडच्या खोलीतले एक काका रिंगमध्येच डॉफर होते. गिरणी सुटल्यावर त्यांनी प्लास्टरच्या बुद्धमूर्ती करायला घेतल्या. पहिल्या मूर्तीचा चेहरा थेट त्यांच्या जॉबरसारखा झाला. लोक हसले. काका म्हणाले, बावीस वर्षे रोज ज्याचे तोंड पाहिले तेच हातात बसले आहे, निघायला वेळ लागेल. निघायला तीन वर्षे लागली. नंतर त्यांच्या मूर्ती चांगल्या विकल्या जात. पण सगळ्यांचे असे झाले नाही. कितीतरी जण दारूत गेले, कितीतरी गावी जाऊन नाहीसे झाले. ज्यांच्या अंगात कला होती तेही त्यात होते. पार्टीतला सर्वांत गोड गळा ज्याचा होता, त्याने संपानंतर तोंड उघडले ते फक्त शिवी द्यायला. दादांची गोष्ट सांगताना त्या माणसाला वगळणे आम्हाला बरे वाटत नाही.

आमच्या बँकिंगमध्येही अशी लाट येऊन गेली. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले. आम्ही तेव्हा नोकरीत नव्हतो, पण पुढे आमच्या शाखेत पेन्शनच्या कामासाठी येणारी अशी मंडळी भेटली. कोणी पेटी शिकले, कोणी नाटकात गेले, एकांनी प्रवासवर्णन लिहून आम्हाला भेट दिले. त्यांच्या हाती ठरलेली रक्कम होती, पेन्शन होते. त्याबद्दल आम्हाला आकस नाही, उलट प्रत्येकाला असे मिळावे असेच वाटते. गिरणी कामगाराला घराच्या म्हाडाच्या पहिल्या सोडतीसाठी २०१२ साल पाहावे लागले. तेव्हा दादा हयात नव्हते. ते २००९ साली गेले.

म्हणून तरुण मित्रांना आम्ही सांगू ते इतकेच. आलेल्या पैशातून आधी घरखर्चाचे सहा महिने बाजूला काढा, मग पेटी विकत घ्या. पहिली काही महिने काहीच सुचले नाही तर स्वतःला दोष देऊ नका. घरात जो कोणी तुमच्या वाट्याचे कमावून आणत असेल, त्याला तुमचे पहिले गाणे माइकच्या आधी ऐकवा. याहून अधिक सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमची नोकरी अजून शाबूत आहे.

दादांच्या मागे त्या पावत्या दोनशेच्या वर निघाल्या. सुतळीही तीच होती. पुढच्या बाजूला पगार, कपात, प्रॉव्हिडंट फंड. मागच्या बाजूला गाणे. कार्यवाहांनी त्या स्मरणिकेच्या निमित्ताने टंकून द्या म्हटले आहे. गेले काही रविवार आम्ही आईसमोर बसून एकेक पावती वाचतो. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पेन्सिलचे अक्षर पुसट झाले आहे, तिथे तिला विचारावे लागते. मागच्या रविवारी ते १९८८ चे गाणे हाती आले. आम्ही वाचू की नको अशा विचारात होतो, तर तीच म्हणाली, वाच.

वाचले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “त्यात पाच घरं म्हटलंय. चारच होती. तेवढं नीट कर.”

आम्ही म्हटले, चार केले तर ओळ तालात बसत नाही, दादांनी मुद्दाम पाच केले असेल. ती म्हणाली, “तालासाठी मी काय पाचव्या घरी जायचं होतं?” हा तंटा अजून मिटलेला नाही. येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत. जयभीम.